मुलाच्या पोटात चुकून ग्लुटेन गेलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीला सिलिॲक आजाराचं निदान झालं तेव्हा ती चार वर्षांची होती. आता तेरा पूर्ण झाली. या नऊ वर्षांत तिच्या पोटात चुकून ग्लुटेन, म्हणजे गहू, जव, राय अशा धान्यांतलं तिला न चालणारं प्रथिन, किती वेळा गेलं याचा हिशेब मी पहिल्या वर्षी वहीत ठेवायचे, नंतर सोडून दिला. नुकतंच निदान झालेल्या मुलांचे आईवडील फोन करतात तेव्हा प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि बहुतेक रात्री नऊनंतर येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना कधी फोन लावायचा तेही खाली आहे, आणि तो भाग आधी वाचून घेतलात तरी चालेल.

आत्ताच कळलं, मुलाने साधं बिस्किट खाल्लं आहे. काय करू?

तोंडात घास असेल तर थुंकायला सांगा, चूळ भरायला लावा, हात साबणाने धुवा. बस. पोटात गेलेलं बाहेर काढायला जाऊ नका. घशात बोट घालून, मीठपाणी पाजून उलटी काढण्याने फायदा शून्य, आणि ठसका लागून उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मात्र खरा.

मग वेळ बघा आणि लिहून ठेवा: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता. पाकीट असेल तर फेकू नका, घटकांच्या यादीचा फोटो काढा. दोन तासांनी उलटी झाली तर हीच चिठ्ठी उपयोगी पडते. आणि चेहरा शक्य तितका साधा ठेवा. मुलं घशाखाली काय गेलं हे विसरतात, आईचा पांढरा पडलेला चेहरा विसरत नाहीत.

यात जिवाला धोका असतो का? शेंगदाण्याच्या ॲलर्जीसारखं श्वास बंद होणं वगैरे?

सिलिॲक म्हणजे ॲलर्जी नव्हे. तो स्वप्रतिकार आजार आहे: ग्लुटेन दिसलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळे श्वास अडकणं, ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं हे सिलिॲकमध्ये होत नाही, आणि ॲलर्जीच्या मुलांजवळ असतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन इथे लागत नाही.

पण एक लक्षात ठेवा. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे, आणि क्वचित एकाच मुलाला दोन्ही असू शकतात. गव्हाचं काही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, चेहरा सुजला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली तर “हे सिलिॲकचंच असेल” म्हणत बसू नका. ती तातडीची वेळ आहे, ताबडतोब रुग्णालयात न्या.

लक्षणं कधी सुरू होतात आणि किती दिवस राहतात?

एकदम बऱ्यापैकी ग्लुटेन गेलं असेल, म्हणजे पावाचा तुकडा किंवा केकचा घास, तर काही मुलांना एक-दोन तासांतच मळमळ आणि उलटी होते. पोट दुखणं, फुगणं, जुलाब हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतं. थकवा, डोकेदुखी, चिडचिड, झोप बिघडणं हे मागाहून येतं आणि सगळ्यात जास्त रेंगाळतं. काही मुलांना उलट बद्धकोष्ठ होतं. बहुतेक त्रास काही तासांपासून चार-पाच दिवसांत ओसरतो.

प्रत्येक मुलाची तऱ्हा वेगळी, पण त्याच मुलाची तऱ्हा बरीचशी ठरलेली असते. माझ्या मुलीच्या बाबतीत पहिली खूण पोटाची नसतेच. ती अचानक बुटाच्या नाडीवरून रडायला लागते. आम्ही ती खूण ओळखायला दोन वर्षं लावली.

काहीच त्रास झाला नाही. म्हणजे तिला तेवढं चालतं का?

नाही. ग्लुटेनला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणारी पण आतून आतड्याला इजा होणारी मुलं पुष्कळ आहेत. कित्येकांचं निदान मुळात भावंडाची तपासणी करताना किंवा उंची वाढत नाही म्हणून होतं, पोटाची तक्रार कधीच नसते. अशा मुलांच्या घरात खबरदारी लवकर सैल पडते, कारण चूक झाली तर शिक्षा दिसत नाही. त्रास किती झाला यावरून ग्लुटेन किती गेलं, किंवा इजा किती झाली, याचा अंदाज बांधता येत नाही. खूप उलट्या झाल्या म्हणजे खूप नुकसान झालं असंही नाही.

एवढ्याशा कणाने खरंच काही होतं? किती म्हणजे जास्त?

इथे थोडं गणित करू या, कारण गणिताने मला स्वतःला जेवढा धीर दिला तेवढा कोणाच्या समजुतीने दिला नाही.

पावाच्या एका साध्या तुकड्यात, तीसेक ग्रॅमच्या, सुमारे २ ग्रॅम म्हणजे २,००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात पथ्य नीट पाळणाऱ्या प्रौढ रुग्णांना ९० दिवस रोज एक कॅप्सूल दिली होती: काहींना १० मिलिग्रॅम ग्लुटेनची, काहींना ५० ची, काहींना नुसतीच. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. तेव्हापासून दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहणं बहुतेक रुग्णांसाठी सुरक्षित धरलं जातं. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या पावाच्या तुकड्याचा दोनशेवा भाग. चमचाभर नव्हे, चिमूटभरही नव्हे.

आता दुसरी बाजू. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार “ग्लुटेन-फ्री” लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे शंभर ग्रॅम पदार्थात फार तर २ मिलिग्रॅम. मुलाने दिवसभरात असे पदार्थ तीनशे ग्रॅम खाल्ले आणि सगळेच्या सगळे मर्यादेला टेकलेले निघाले, तरी ६ मिलिग्रॅम होतात. शून्य ग्लुटेन हे ध्येय कुणालाच गाठता येत नाही आणि गाठायची गरजही नाही.

या दोन्ही आकड्यांत मिळून जे दिसतं ते असं: आजाराच्या दृष्टीने महत्त्व आहे ते रोजच्या रोज, न कळत जाणाऱ्या थोड्याथोड्या ग्लुटेनला. वाढदिवसाच्या एका घासापेक्षा रोज डब्यात जाणारा चुकीचा सॉस जास्त वाईट. गंमत अशी की आपण रडतो घासासाठी, आणि सॉसचं लेबल वर्षभर वाचत नाही.

उलट्या-जुलाब सुरू झाले. घरी काय द्यायचं?

पाणी आणि क्षार. ग्लुटेनवर उतारा नाही, त्यामुळे घरी करायचं ते एवढंच की मूल कोरडं पडू द्यायचं नाही. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, अंदाजाने नको. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी. तहानेने मूल घटाघटा पिऊ पाहतं आणि तेच सगळं परत बाहेर येतं. जुलाब होत असतील तर प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस, हा सर्वसाधारण हिशेब. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजणं थांबवू नका.

सरबतं, कोल्ड्रिंक, पॅकबंद फळांचा रस टाळा. जास्त साखरेने जुलाब वाढतात. जुलाब थांबवण्याच्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. पोटात कळा येत असतील तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून ठेवा, मांडीवर घ्या. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं, पण मूल कोरडं पडलेलं असताना आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

भूक लागली की साधं, नेहमीचं, खात्रीचं जेवण द्या. उपाशी ठेवायचं कारण नाही.

डॉक्टरांना कधी फोन करायचा?

आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, हाक मारली तरी नीट बघत नाही: थांबू नका. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर याच्याही आधी. उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, शौचातून रक्त पडलं, एकही चमचा पोटात टिकत नाही, तरीही लगेच.

आणि ताप. ग्लुटेनने ताप येत नाही. ताप असेल तर पोटाचा साधा संसर्ग किंवा आणखी काही असण्याची शक्यता जास्त. पोटदुखी बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली स्थिरावली, चालताना मूल वाकतंय, तर अपेंडिक्सचा विचार डॉक्टरांनी करायला हवा. सिलिॲकच्या घरात प्रत्येक पोटदुखीचं खापर ग्लुटेनवर फोडायची सवय लागते, आणि ती सवय धोक्याची आहे. आमच्याकडे एकदा तीन दिवस “कुठून गेलं असेल” म्हणून स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. चौथ्या दिवशी तिच्या वर्गातली निम्मी मुलं त्याच उलट्यांनी घरी होती.

ग्लुटेन पचवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या, कोळशाच्या गोळ्या, प्रोबायोटिक यांचा उपयोग होतो?

झालेल्या चुकीवर उतारा म्हणून यातलं काहीही सिद्ध झालेलं नाही. एन्झाइमवर संशोधन चालू आहे, पण बाजारात मिळणाऱ्या गोळ्या घेऊन सिलिॲकच्या मुलाने ग्लुटेन खाल्लं तर चालेल असं कुठलाही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. कोळसा तर मुलाच्या इतर औषधांनाही धरून ठेवतो. पैसे ओआरएसवर खर्च करा.

काही दिवस दूध बंद करू का?

निदानाच्या वेळी, आतडं बरंच खराब असताना, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी पडतं आणि दूध काही काळ सोसत नाही. एका चुकीनंतर सरसकट दूध तोडायची गरज नसते. दूध प्यायल्यावर जुलाब वाढताहेत असं स्पष्ट दिसलं तरच दोन-चार दिवस कमी करा. आधीच पथ्यावर असलेल्या मुलाच्या ताटातून आणखी एक पदार्थ काढताना दहा वेळा विचार करावा.

इतक्या महिन्यांची मेहनत वाया गेली का? आतडं पुन्हा पहिल्यासारखं झालं असेल?

हा प्रश्न विचारताना बहुतेक आयांचा आवाज कापतो, म्हणून आधी उत्तर: नाही.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यामार्फत. सिलिॲकमध्ये हे रसांकुर झिजून सपाट होतात, आणि ते होतं महिनोन्महिने रोज ग्लुटेन जात राहिल्याने. एका घासाने तात्पुरता दाह होतो, तो निवतो. मुलांची आतडी मोठ्यांपेक्षा चांगली भरून येतात. पथ्य सुरू केल्यावर त्रास काही आठवड्यांत कमी होतो आणि अस्तर बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत सुधारतं. एका चुकीने घड्याळ पुन्हा शून्यावर जात नाही. महिन्यातून चार चुका होत असतील तर मात्र ते घड्याळ पुढेही सरकत नाही.

पथ्य आणि आतडं यांचा हा संबंध मुळात कळला तोही मुलांमुळेच. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ गव्हावर संशय धरून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना सिलिॲकची मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. त्याआधी या मुलांना काय खायला द्यावं हे डॉक्टरांना नक्की ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे.

चुकीनंतर लगेच रक्ततपासणी करून घेऊ का?

एका चुकीसाठी नको. टीटीजी अँटीबॉडी, म्हणजे सिलिॲकची खूण म्हणून रक्तात मोजतात त्या, सावकाश चढतात आणि त्याहून सावकाश उतरतात. उंचावलेला आकडा पथ्यावर खाली यायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. काल खाल्लेल्या केकचं उत्तर आजच्या रक्तात मिळणार नाही. उलट, आकडा नॉर्मल आला म्हणून पथ्य शंभर टक्के पाळलं जातंय असंही सिद्ध होत नाही, अधूनमधूनच्या चुका त्यात दिसतीलच असं नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी, सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे साधारण वर्षातून एकदा, तपासणी करत राहा. त्या वेळी झालेल्या चुका सांगा, लपवू नका. बरेच पालक परीक्षेला बसल्यासारखे बसतात.

लघवीत किंवा शौचात ग्लुटेनचे अंश शोधण्याच्या चाचण्याही आल्या आहेत. लघवीत ते साधारण दिवस-दोन दिवस सापडतात, शौचात काही दिवस. वारंवार त्रास होतोय आणि कारण सापडत नाही अशा वेळी डॉक्टर त्याचा उपयोग करू शकतात. दर रविवारी मुलाची लघवी तपासत बसणं मात्र मला पटत नाही. ते घर राहत नाही, चौकी होते.

नेमकं कशातून गेलं, हे शोधायचं कसं?

मागच्या एका दिवसापासून सुरुवात करा आणि जास्तीत जास्त तीन दिवस मागे जा. काय खाल्लं यापेक्षा नवीन काय होतं ते विचारा: नवं पाकीट, नवी कंपनी, नवं ठिकाण, वाढणारा नवा माणूस. नेहमीचाच पदार्थ असेल तर त्याचं आत्ताचं पाकीट पाहा. उत्पादक घटक बदलतात आणि वेष्टनावर कुठेही ओरडून सांगत नाहीत. आमच्याकडची सगळ्यात मोठी चूक अशीच झाली: चार वर्षं चाललेला मसाला, तोच डबा, तोच रंग, आणि यादीत एक शब्द वाढलेला.

मग खाण्यापलीकडचं बघा. खोकल्याचं सिरप बदललं? चघळायच्या व्हिटॅमिन गोळ्या आल्या? औषधांत ग्लुटेन क्वचित असतं, पण औषध विक्रेत्याला विचारायला दोन मिनिटं लागतात. मैदा उडवत कोणी घरात केक केला का? हवेत उडालेलं कोरडं पीठ ओट्यावर, भांड्यांवर बसतं आणि श्वासाबरोबर घशात जाऊन गिळलंही जातं. लहान भावंडाने बिस्किटाचा हात लोण्याच्या डब्यात घातला का? हा शेवटचा प्रश्न मी नेहमी पहिला विचारते.

उत्तर सापडलं तर दुरुस्ती करा. दोन दिवस शोधूनही सापडलं नाही तर सोडून द्या. निम्म्या वेळा सापडत नाही.

घरात सगळं वेगळं हवं का? टोस्टर, चाळणी, कढई, चमचे?

वेगळं हवं तिथे हवंच, पण सगळीकडे नाही. काच, स्टील, चिनी माती साबणाने नीट घासली की प्रश्न मिटतो. लाकडी चमचे, भेगा पडलेलं लाटणं, बारीक जाळीची चाळणी, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा यांच्या फटींत पीठ राहतं, ही मुलासाठी वेगळीच ठेवा.

अमेरिकेतल्या एका बालरुग्णालयाच्या संशोधकांनी २०२० च्या सुमारास हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं. साध्या पावाच्या टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लुटेन-फ्री पावात ग्लुटेन मर्यादेच्या आत निघालं. साधा पास्ता उकळलेल्या पाण्यातच ग्लुटेन-फ्री पास्ता उकळला तेव्हा मात्र ते मर्यादेपलीकडे गेलं. म्हणजे टोस्टरवरून सासूशी भांडण्यात अर्थ नव्हता, हे मला उशिरा कळलं. आम्ही अजूनही टोस्टर वेगळाच ठेवतो, सवयीने. पण कोणाच्या घरी गेल्यावर त्यावरून जीव खाली-वर करत नाही. उकळायचं पाणी, तळायचं तेल आणि सामाईक डबे, या तिन्हींवर मात्र नजर ठेवा. तळल्याने, भाजल्याने ग्लुटेन जळून जातं हा गैरसमज आहे. जंतू मरतात, प्रथिन तिथेच राहतं. सॅनिटायझरनेही ते जात नाही. हाताला साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

लेबलवर काय काय बघायचं?

गहू, जव म्हणजे बार्ली, राय, आणि यांची सगळी रूपं: मैदा, रवा, कोंडा, स्पेल्ट, ड्युरम, माल्ट. माल्ट बार्लीचा असतो आणि न्याहारीच्या कुरकुरीत पदार्थांत, चॉकलेटांत लपून बसतो. सोया सॉस बहुतेक गव्हाचा असतो. “व्हीट-फ्री” म्हणजे फक्त गहू नाही. जव किंवा राय असू शकतात. माल्टोडेक्स्ट्रिन नावाने घाबरवतं, पण माल्टशी त्याचा संबंध नाही आणि ते चालतं. बकव्हीटच्या नावात व्हीट असला तरी तो गहू नाही. दळताना मिसळ झालेली नसावी एवढंच पाहायचं.

ओट्स?

ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे आणि बहुतेक सिलिॲकच्या मुलांना ते चालतं, पण शेतात, गोदामात, गिरणीत त्यात गहू-जव मिसळतात. म्हणून फक्त ग्लुटेन-फ्री लिहिलेले, आणि तेही आजार आटोक्यात आल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करावेत. मोजक्या मुलांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

शाळेत, वाढदिवसाला काय करायचं? खेळण्याची रंगीत माती चालते का?

खेळायची मऊ माती बऱ्याचदा गव्हाच्या पिठाची असते. हात लावल्याने काही होत नाही, ग्लुटेन त्वचेतून आत शिरत नाही. तोंडात गेलं तर प्रश्न. चार वर्षांचं मूल बोटं तोंडात घालतंच, म्हणून त्या वयात ग्लुटेन नसलेली माती शाळेला आपणच द्यावी. दहा वर्षांच्या मुलाने खेळून हात धुतले की पुरे. कागदाच्या लगद्याला पिठाची खळ लावायचा उपक्रम मात्र जास्त त्रासदायक, कारण ती खळ हाताला, नखांत चिकटून राहते.

शिक्षकांना चार पानांची माहिती देऊ नका. एकच पान, मोठी अक्षरं: हे खायचं नाही, घरून दिल्याशिवाय काहीच द्यायचं नाही, चुकून गेलं तर या नंबरवर फोन करा, शिक्षा करू नका. वर्गात एक बंद डबा ठेवा, त्यात मुलाच्या आवडीचा टिकाऊ खाऊ. कोणाचाही अचानक वाढदिवस निघाला तर त्याला त्या डब्यातून मिळतं आणि ते कोपऱ्यात बसत नाही.

मुलाने मुद्दाम, चोरून खाल्लं. रागवायचं की नाही?

चुकून आणि मुद्दाम यांतली रेघ आपल्याला वाटते तेवढी जाड नसते. सहा वर्षांच्या मुलासमोर सगळे केक खाताहेत आणि त्याने एक बोट क्रीम चाटलं, याला मुद्दाम म्हणायचं का? तेरा वर्षांच्या मुलीने मैत्रिणींसमोर “मला चालत नाही” म्हणायची लाज वाटून पिझ्झा खाल्ला, ते मुद्दाम खरं, पण त्यात हट्टापेक्षा एकटेपणा जास्त आहे.

एकदा मी ओरडले होते. त्यानंतर सात महिने मुलीने मला काहीच सांगितलं नाही. वर्षाच्या तपासणीत आकडा चढलेला निघाला, तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत तिने खाली मान घालून पाच-सहा वेळांची यादी म्हणून दाखवली. माझ्या ओरडण्याने ग्लुटेन थांबलं नव्हतं, बातमी थांबली होती. आता घरात नियम असा आहे: सांगितलं तर शिक्षा नाही, प्रश्न फक्त दोन, काय खाल्लंस आणि आत्ता कसं वाटतंय. तिसरा प्रश्न, म्हणजे “का”, दोन दिवसांनी, गाडीत, एकमेकींकडे न बघता.

वाढत्या वयात हे वरचेवर होऊ लागलं, मूल जेवणच टाळू लागलं, बाहेर जायला घाबरू लागलं, तर आहारतज्ज्ञाइतकीच समुपदेशकाची गरज असते. अति सावधगिरीचाही ताप असतो. सतत पहाऱ्यात असलेल्या मुलांचं पथ्य चोख असतं आणि आयुष्य मात्र आक्रसतं.

आजी-आजोबा म्हणतात, थोडंथोडं दिलं की सवय होईल.

त्यांच्या मनात प्रेमच असतं, पण शरीराला याची सवय होत नाही. थोडंथोडं रोज हेच तर सगळ्यात वाईट, वरचं ५० मिलिग्रॅमचं गणित आठवा. वाद घालण्यापेक्षा त्यांना पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे सोबत न्या. आमच्या घरात डॉक्टरांच्या तोंडून पाच मिनिटांत जे झालं ते माझ्या तोंडून तीन वर्षांत झालं नव्हतं. शिवाय त्यांना काम द्या: मुलाचा खास डबा आजीच्या ताब्यात. पहारेकरी केलं की पहिला कडक पहारा आजीच करते.

निदान पक्कं नाही, आम्हीच गहू बंद करून पाहिला. आता चुकून खाल्ल्यावर त्रास झाला, म्हणजे सिलिॲकच ना?

असं म्हणता येत नाही. गव्हाने पोट बिघडण्याची इतरही कारणं आहेत. आणि ग्लुटेन बंद केल्यावर रक्तातल्या खुणा पुसट होत जातात, म्हणून तपासणी नेहमी ग्लुटेन खात असतानाच करायची असते. आधीच बंद केलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. पुन्हा ठरावीक काळ ग्लुटेन देऊन तपासायचं का, हे तेच ठरवतील. घरच्या घरी असा प्रयोग करू नका.

मूल विचारतं, “मी आता परत आजारी पडणार का?” काय सांगू?

खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं. मी मुलीला सांगायचे: पोटात गालिचा आहे, त्यावर आज चिखलाचा पाय पडला. आज घाण दिसेल, थोडं दुखेल, मग पोट स्वतःच तो साफ करेल. रोज चिखलाचे पाय पडले तर त्याला साफ करायला वेळच मिळणार नाही, म्हणून आपण पाय पुसून येतो. ती पाच वर्षांची असताना याने तिचं समाधान झालं. सातव्या वर्षी तिने विचारलं, गालिचा किती वेळात साफ होतो. मी म्हटलं, थोडे दिवस. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि पुढच्या सोमवारवर पेन्सिलने एक छोटा गालिचा काढून आली.